भाचा, मोरचूद आणि जर्मनचा गंज

आपण बी.एस्सी. झालो आहोत, ही गोष्ट माणसानं नातेवाइकांपासून लपवून ठेवावी. पगार लपवतो, वाढलेली साखर लपवतो. मग पदवीनंच काय घोडं मारलंय?

माझी पदवी रसायनशास्त्राची. ती हातात पडल्यावर मी अमरावतीत एका पतसंस्थेच्या खुर्चीला चिकटलो आणि पुढचं आयुष्य व्याजाच्या रकान्यांत गेलं. रसायनाशी संबंध उरला तो दाढीनंतर तुरटी फिरवण्यापुरता. पण दर्यापूर तालुक्यात दिलेली माझी धाकटी बहीण हे विसरायला तयार नाही. विहिरीत टीसीएल किती टाकायचं, भिंतीला लोणा का लागला, चांदीचे तोरडे काळे का पडले, तिच्या सासरी असं काहीही निघालं की ती म्हणते, "थांबा, दादाले फोन लावा. त्याचं केमिस्ट्रीच हाय."

टीसीएलपर्यंत मी निभावून नेलं. मग भाचा दहावी झाला.

पोरगं मराठी शाळेतलं, गुण चांगले. डॉक्टर करायचं ठरलं आणि रीतीप्रमाणे त्याला अकोल्याच्या क्लासला टाकलं. अमरावती, वाशीम, बुलढाण्याची पोरं हल्ली अकोल्यात खोल्या करून राहतात; काही गल्ल्यांत तर माणसांपेक्षा मेसचे डबे जास्त फिरतात. दहावीपर्यंत ज्याला तो 'इलेक्ट्रॉन संरूपण' म्हणत होता, त्याचं अकरावीत एका रात्रीत इंग्रजी 'कॉन्फिगरेशन' झालं, आणि पोरगं बावचळलं. एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मामा, पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात काहून जाते?"

"तिसरं भरलं असेल बापा," मी म्हटलं. समोर टीव्हीवर मॅच चालू होती.

"कसं भरलं? दोन एन वर्ग म्हणजे तिसऱ्यात अठरा बसतात. आठच बसले ना आत्तालोक. दहा जागा खाली हाय."

"अष्टक पूर्ण झालं की पुढच्या कवचात जायचं असतं."

"मग स्कँडियमले पुन्हा तिसऱ्यातच काहून घुसते?"

मी त्याला म्हटलं, आवाज तुटतोय, ठेवतो. आवाज अगदी स्पष्ट येत होता.

त्या रात्री माळ्यावरची पेटी काढली. माझ्या पुस्तकांचं वाळवीनं माझ्यापेक्षा बारकाईनं वाचन केलं होतं. जेवढं उरलं होतं त्यातून पुन्हा अभ्यास केला. दहावीची कवचं, म्हणजे के, एल, एम, एन आणि त्यांतले दोन, आठ, अठरा, बत्तीस, ही आर्गॉनपर्यंत, म्हणजे अणुअंक १८ पर्यंत, बिनतक्रार चालतात. पुढे घोटाळा होतो, कारण प्रत्येक कवचात उपकवचं असतात आणि त्यांची ऊर्जा सारखी नसते. तिसऱ्या कवचात एस, पी आणि डी. एसमध्ये दोन, पीमध्ये सहा, डीमध्ये दहा इलेक्ट्रॉन. पोटॅशियमच्या अणूत तिसऱ्याच्या डीपेक्षा चौथ्याच्या एसची ऊर्जा कमी पडते, म्हणून एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिकडे जातो. कॅल्शियमचा विसावाही त्याच्या शेजारी. एकविसाव्या स्कँडियमपासून मग डी भरू लागतं. 'अष्टक पूर्ण झालं' हे माझं उत्तर दिसायला उत्तर होतं. त्यात कारण नव्हतं. मेंडेलीव्हनं आवर्तसारणी मांडली १८६९ मध्ये आणि इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. इलेक्ट्रॉन हे नावही ठाऊक नसताना त्या माणसानं पोटॅशियमला सोडियमच्याच कुटुंबात बसवलं. मी पदवीधर असूनही मला फोन ठेवावा लागला.

भाच्यापुढे इज्जत सावरायला मी एका रविवारी अकोल्याची गाडी पकडली. अमरावती-अकोला रस्त्याची एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनेस बुकात नोंद झाली. पूर्वी या रस्त्यानं जाताना हातात पेन धरणं म्हणजे डोळ्याला धोका होता. आता मूर्तिजापूर येईस्तोवर मी वहीच्या मागच्या पानावर हायड्रोजनपासून जस्तापर्यंत तीसच्या तीस मांडण्या लिहिल्या. शेजारचे काका बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "वरली-मटका का?"

खोलीवर भाचा आणि त्याचे दोन साथीदार होते. चटईवर बसून मी हुंडचा नियम काढला. डीची पाच घरं असतात, प्रत्येकात दोघांची सोय; पण आधी प्रत्येक घरात एकेक इलेक्ट्रॉन बसतो आणि पाचही घरांत एकेक झाल्यावरच जोड्या लागतात. "एसटीत पहा," मी म्हटलं, "रिकाम्या गाडीत माणूस दुसऱ्याच्या शेजारी बसत नाही. आधी रिकामं बाक धरतो. सगळी बाकं धरून झाली की मग सरका म्हणतो."

"आमच्या दर्यापूरच्या गाडीत नाही मामा," भाचा म्हणाला. "तिथं पह्यले रुमाल बसते, माणूस मागून येते."

"अन् मायलेकी एकाच बाकावर बसतात," त्याचा बाळापूरचा साथीदार म्हणाला, "सारी गाडी खाली असली तरी."

इलेक्ट्रॉनांना नातेवाईक नसतात, असं सांगून मी पुढे सरकलो. इलेक्ट्रॉनांचं किती बरं आहे, हा विचार तेव्हा मनात आला नाही; तो पुढे दिवाळीत आला.

मग क्रोमियम. चोविसावं मूलद्रव्य. हिशेबानं थ्री डीमध्ये, म्हणजे तिसऱ्याच्या डीत, चार आणि फोर एसमध्ये दोन हवेत. प्रत्यक्षात पाच आणि एक असतात. तांब्याचं तसंच: नऊ आणि दोनऐवजी दहा आणि एक. मी पाठ केलेलं कारण ठोकून दिलं: अर्धं भरलेलं किंवा पूर्ण भरलेलं उपकवच जास्त स्थिर असतं, म्हणून एकानं एस सोडून डीत उडी मारली. पोरांच्या माना डोलल्या. इथं थांबायला हवं होतं, पण डोललेली मान पाहून माझ्यातला मास्तर चेकाळला. "क्रोमियमच्या खालच्या मॉलिब्डेनमचंही असंच," मी म्हटलं, "आणि त्याच्या खालच्या टंगस्टनचंही."

बाळापूरच्या पोरानं पुस्तक उलगडलं. "सर, टंगस्टनचं तर चार आणि दोन देलं हाय. त्याले स्थिर व्हायचं नाही का?"

तो मला मामा म्हणत होता तोवर बरं होतं. सर म्हटल्यावर मी खचलो. टंगस्टन उडी मारत नाही, हे खरं. पॅलॅडियम तर असं की पाचव्याच्या एसमध्ये एकही ठेवत नाही, दहाच्या दहा चौथ्याच्या डीत. 'अर्धं भरलेलं स्थिर' हे कारण एकट्यानं पुरत नाही. जवळपासच्या ऊर्जा, इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना ढकलणं, आणि जड अणूंत आतल्या इलेक्ट्रॉनांचा प्रचंड वेग, अशा बऱ्याच गोष्टींची बेरीज-वजाबाकी होऊन शेवटी जी मांडणी सर्वांत कमी ऊर्जेची ठरते, ती अणू घेतो. आपले नियम म्हणजे त्या हिशेबाचा अंदाज आहे. हे सगळं मला आज सांगता येतं. त्या दिवशी मी म्हटलं, "छपाईची चूक असेल."

पोरांनी मोबाइलवर पाहिलं. छपाई बरोबर होती.

घाईघाईनं मी जाहीर केलं की खरं रसायन कागदावर नसतं, ते प्रयोगात असतं, आणि दिवाळीत गावी आलो की प्रात्यक्षिक करून दाखवतो. अशी घोषणा करून माणूस बसमध्ये चढला की त्याला फार मोकळं वाटतं. परत येताना बडनेऱ्याला आलूबोंडा-रस्सासुद्धा खाल्ला.

प्रयोग मी सोपा निवडला होता. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की त्यावर तांब्याचा तांबूस थर चढतो. लोखंड दोन इलेक्ट्रॉन देतं आणि पाण्यातला तांब्याचा आयन ते घेतो. लोखंड पाण्यात जातं, तांबं खिळ्यावर येतं. देताना लोखंड फोर एसचे दोन आधी देतं, भरतीत नंतर आलेल्या थ्री डीला हात लावत नाही, तेव्हा भाच्याचं शंकानिरसनही आपोआप होणार होतं. मोरचूद मोर्शीच्या एका संत्रावाल्या मित्राकडून आणला. संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रणासाठी तो लागतोच: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डोचं. तिथं वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडत. त्या वेलींवर रोग कमी पडतो हे मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यानं ते जगाला सांगितलं. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला. माझ्या बाबतीत विज्ञान नेमकं उलट दिशेनं चाललं.

फजिती नको म्हणून घरी रंगीत तालीम केली. बायकोनं रंगपंचमीचं एक पोचे आलेलं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं दिलं. नळाचं पाणी घेतलं. अमरावतीला ते अप्पर वर्धा धरणाचं येतं. खडे विरघळले, खिळा टाकला, थोड्याच वेळात तो नव्या पैशासारखा तांबूस झाला. पातेल्याला काही झालं नाही. ते पाहून मी गाफील राहिलो.

दिवाळीत बहिणीकडे ओसरीसमोर मांडव घालायचा तेवढा बाकी होता. भाचा, शेजारचे पोट्टे, बाजेवर आबाजी, म्हणजे बहिणीचे सासरे, आणि दारात तिच्या सासूबाई. भांडं मागितल्यावर सासूबाईंनी त्यांचा जर्मनचा गंज दिला. वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. हा त्यांच्या लग्नातला होता. त्यात या घरातल्या दोन पिढ्यांचं दूध तापलं होतं, हे मला नंतर समजलं. आणि नंतर बराच काळ समजावून सांगण्यात आलं.

पाण्याचा प्रश्न आला. हे गाव खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणीच खारं आहे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ते वावराला दिलं तर काळी जमीन चिकट होऊन दगडासारखी बसते. नळाला शहानूर धरणाचं गोड पाणी येतं, पण ते यायच्या दिवशी. सासूबाई म्हणाल्या, "नळाचं पाणी रंगात नोका घालू. वापराचं घ्या." मी विहिरीचं पाणी घेतलं. त्यात अर्धा पाव मोरचूद सोडला. निळाई आली, जराशी गढूळ, पण आली.

व्याख्यान मात्र रंगलं. तांब्याच्या आयनाच्या थ्री डीमध्ये नऊ इलेक्ट्रॉन, एक कमी. त्या उणिवेमुळे तो पाण्यात प्रकाशातला लाल-नारिंगी भाग गिळतो आणि आपल्याला निळा दिसतो. जस्ताच्या आयनात दहाच्या दहा, म्हणून तुम्ही शेतात टाकता ते झिंक सल्फेट पांढरं. विहिरीतलं मीठ घ्या. सोडियमची मांडणी दोन, आठ, एक; तो एक त्यानं क्लोरिनला दिला की उरले दोन, आठ. तीच मांडणी निऑनची.

आबाजी बाजेवर उठून बसले. "म्हंजे आमच्या वावरात निऑन हाय?"

"नाही आबाजी. मांडणी निऑनची, पण केंद्रात प्रोटॉन अकरा, निऑनच्या केंद्रात दहा."

"म्हंजे कपडे निऑनचे अन् माणूस सोडियम."

"अगदी बरोबर."

"मंग सरळ सोडियमच म्हना ना बाप्पा. त्यानंच तर जमीन खाल्ली. म्या जिप्सम टाकलं तवा कुठं जराशी सुटली." जिप्सममध्ये कॅल्शियम असतं. कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन देतं, त्याच्या आयनावर दोन प्रभार असतात, म्हणून मातीचे कण त्याला जास्त घट्ट धरतात आणि सोडियम सुटून पाण्यावाटे जातं. हे मी सांगायला सुरुवात केली, पण आबाजी पुन्हा आडवे झाले होते. त्यांना परिणाम ठाऊक होता. कारणाची घाई नव्हती.

खिळे तांबूस झाले, टाळ्या पडल्या. गंजाच्या बुडाशी बारीक बुडबुडे दिसत होते आणि भांडं जरासं कोमट लागत होतं. भाच्यानं विचारलं, "मामा, हे गरम काहून होऊन रायलं?" मी म्हटलं, प्रयोगाची ऊर्जा. थर आणखी जाड चढावा म्हणून खिळे तसेच ठेवून, गंजावर ताट झाकून झोपलो.

सकाळी ओसरीतून बहिणीची हाक आली ती नुसतीच "दादा" एवढी. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तपकिरी-लाल चिखलाचा ओघळ तुळशीपर्यंत गेला होता. ताट उचललं. निळं पाणी नव्हतं. गंजाच्या तळाशी ओल्या विटकरीच्या भुग्यासारखा गाळ बसला होता, तो निव्वळ तांबं होतं. गंज उजेडाकडे धरला तर बुडाला सुईनं टोचल्यासारखी भोकं, आणि मधोमध बोट जाईल एवढं एक. त्यातून पलीकडच्या सासूबाई दिसल्या.

अॅल्युमिनियम हे दोन, आठ, तीनवालं. ते तीन द्यायला लोखंडाहून कितीतरी उतावीळ. तरी रोजच्या वापरात ते गप्प बसतं, कारण हवेनं त्याच्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर बसलेला असतो. अमरावतीच्या पाण्यात तो थर टिकला. खारपाणपट्ट्याच्या पाण्यातल्या क्लोराइडनं तो जागोजाग फोडला आणि अॅल्युमिनियम उघडं पडलं. मग दोन अॅल्युमिनियमच्या बदल्यात तीन तांबं, असा व्यवहार रात्रभर चालला. पतसंस्थेची सवय म्हणून मी नंतर हिशेब मांडला: अर्ध्या पाव मोरचुदातलं सगळं तांबं सुटायला अॅल्युमिनियम लागतं जेमतेम ९ ग्रॅम. सासूबाईंना हा आकडा सांगितला. एवढ्याशा नऊ ग्रॅमनं एवढं मोठं भांडं गेलं, याचा त्यांना जास्तच राग आला. नाही तरी मोरचूद विषारी. गंज टिकला असता तरी त्यात पुन्हा दूध तापवता आलं नसतं. हे मी त्यांना आदल्या दिवशी सांगायला हवं होतं, हेही त्यांनीच मला सांगितलं.

क्लोराइडचं हे कारण मात्र मी शोधलेलं नाही. मी मोरचूद भेसळीचा असल्याचं सांगत अंगणात फिरत होतो. तेवढ्यात भाच्यानं प्लास्टिकचे दोन पेले घेतले, दोन्हींत मोरचूद घातला, एकात माठातलं शहानूरचं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं. दोन्हींत पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाची एकेक पट्टी सोडली. माठाच्या पाण्यातली पट्टी बराच वेळ होती तशी राहिली. विहिरीच्या पाण्यातली लाल पडून फाटली, पेला कोमट झाला. "मामा, पाण्यातल्या मिठानं केलं हे," तो म्हणाला. पोरगं एक मूठभर मीठ माठाच्या पेल्यात टाकून खात्री करेपर्यंत थांबलं आणि मगच वहीत लिहायला बसलं. मला त्याच्याबद्दल आता काळजी नाही.

आबाजी हे सगळं पाहत होते. उमेदीत त्यांनी वरूडकडे संत्र्याच्या बागा ठेक्यानं केल्या होत्या. ते म्हणाले, "पाव्हणे, मोरचूद कोनी जर्मनात कालवते का? लोखंडात नाही, जर्मनात नाही. मातीचं भांडं, नाहीतं प्लास्टिकचा ड्रम. चुना टाकून झाला का त्यात विळा बुडवाचा. विळ्यावर तांबूस आलं तं समजाचं, चुना कमी पडला."

म्हणजे मी ज्या प्रयोगासाठी टाळ्या घेतल्या, तो हा माणूस दर बहाराला विळ्यावर करत होता, आणि त्यावरून चुना किती घालायचा ते ठरवत होता. "मग काल सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तुमचं थ्रीडी का काय चालू होतं ना. म्या म्हनलं, असन काही नवीन."

दर्यापूरच्या बाजारातून स्टीलचा गंज आणून दिला. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं, थ्री डीत पाच आणि फोर एसमध्ये एक ठेवणारं तेच क्रोमियम, आणि त्याच्याच ऑक्साइडच्या थरामुळे भांडं टिकतं, अशी माहिती देण्याचा मी प्रयत्न केला. सासूबाईंनी गंज दोनदा घासून फळीवर ठेवला आणि विचारलं, "जुना मोडीत घेतला का त्यानं?" भोकं पाहून घेतला नव्हता.

शिकवणाऱ्या मंडळींना माझी एक विनंती आहे. दहावीच्या पोरांना दोन, आठ, आठ शिकवताना फळ्याच्या कोपऱ्यात एवढं लिहा, की ही रीत कॅल्शियमपर्यंत, म्हणजे विसापर्यंतच चालते आणि पुढे वेगळा हिशेब आहे. म्हणजे अकरावीत त्यांना मामाला फोन करायची पाळी येणार नाही. आणि मामालोकांनो, मोरचूद कालवायचाच असेल तर प्लास्टिकची बादली घ्या, हातमोजे घाला, आणि ती बादली पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.